अप्पांचा पाइप: किती साफ करायचा आणि कुठं थांबायचं

तंबाखू ओढायचा जुना पाइप दुरुस्तीला येतो तेव्हा त्याच्याबरोबरची मागणी बहुधा ठरलेली असते: नव्यासारखा करून द्या. तंबाखू भरायच्या वाटीतली काजळी खरवडायची, दांडीतला चिकटा काढायचा, तोंडात धरायची पिवळट पडलेली नळी पुन्हा काळी करायची, लाकडाला मेण लावून चकाकी आणायची. काम वेळखाऊ असतं, पण त्यात ठरवण्यासारखं फारसं नसतं. एरंडवण्यातल्या एका काकूंच्या वडिलांचा पाइप माझ्याकडं आला तेव्हा मागणी वेगळीच होती. "स्वच्छ कर, बुरशी धरलीय त्याला. पण अप्पांचा वास तेवढा जाऊ देऊ नकोस." हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते या एका वाक्यामुळं. पाइप साफ करणं म्हणजे निम्म्याहून अधिक वास घालवणंच असतं. वास राखून साफ करायचं म्हटलं की हातात बसलेली प्रत्येक पायरी पुन्हा तपासून बघावी लागते.

घरातून मिळालेली माहिती अशी. अप्पा डॉक्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकलमध्ये शिकले, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले आणि आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत होते. सांग्रो नदी, कॅसिनो ही नावं घरात सगळ्यांना पाठ. परत आल्यावर त्यांनी पुण्यात दवाखाना थाटला. पाइप इटलीतून आणलेला, त्याची वसवी, म्हणजे दांडीच्या टोकावरची धातूची कडी, चांदीची, आणि शेवटच्या आजारापर्यंत तो त्यांच्या तोंडात असायचा. ते गेल्यापासून पाइप दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या खिडकीसमोर. मधल्या काळात घरातल्या सागवानी फर्निचरला पॉलिश करून घेतलं, तेव्हा पॉलिशवाल्यानं आपुलकीनं पाइपवरही एक हात मारला होता. हा शेवटचा तपशील काकूंनी जाता जाता सांगितला, आणि पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडला तोच.

हातात आलं ते

पाइप वाकड्या दांडीचा, भरदार वाटीचा. हातात घेतल्यावर नळीचा आकार बघूनच तो पीटरसन कंपनीचा असल्याचं कळलं. तोंडात धरायच्या टोकाला बहुतेक पाइपांना चपटी फट असते आणि धूर सरळ जिभेवर येतो. पीटरसनच्या या नळीला वरच्या अंगाला पायरीसारखा उंचवटा असतो आणि भोक त्या उंचवट्यात, वर तोंड करून असतं, म्हणजे धूर टाळूकडं जातो. लाटवियातून डब्लिनला आलेला कारागीर चार्ल्स पीटरसन आणि तिथं दुकान असलेले काप बंधू यांच्या कंपनीची ही कल्पना, १८९८ च्या पेटंटची. त्याआधी १८९० मध्ये पीटरसननं जे पेटंट घेतलं ते 'सिस्टिम' पाइपचं. दांडीत, धुराच्या वाटेच्या खाली, एक खोलगट कोठी कोरलेली असते. धुरातली ओल तिथं साचते आणि ओढणाऱ्याच्या तोंडात कडू पाणी येत नाही. कल्पना अतिशय हुशारीची आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याला ती कोठी म्हणजे वर्षानुवर्षांच्या किटणाचं कोठारच, आणि या प्रकरणात तिला फार महत्त्व आलं.

एकेक दोष बघत गेलो. वाटीच्या आत काजळीचा थर इतका जाड की करंगळी जाईना, आणि वरच्या काठाजवळ त्या थरावर पांढुरकी बुरशी. काठाची पुढची उजवी बाजू जळून काळी पडलेली. लाकडावर लाखेच्या पॉलिशचा जाडसर, चकचकीत, मधूनमधून फुगलेला थर. वाटीच्या खाली, दांडी सुरू होते तिथं एक खोलसर चेप. वसवी काळवंडलेली. नळी खिडकीकडच्या अंगाला हिरवट तपकिरी, मागच्या अंगाला काळी, आणि उंचवट्याच्या खाली-वर दातांच्या खुणा. शिवाय नळी दांडीत घट्ट बसलेली, अजिबात हलत नव्हती.

या पाइपची नळी निमुळती असते आणि ती धातूच्या वसवीत नुसती दाबून बसवतात. साध्या पाइपात लाकडात कोरलेल्या भोकात नळीची खुंटी बसते. पाइप गरम असताना नळी ओढली तर दांडी चिरायचीच भीती. वसवी असली की ती भीती बरीच कमी. इथं मात्र जुना चिकटा डिंकासारखा धरून बसला होता. अशा वेळी जोर लावला तर वसवीच लाकडापासून सुटून फिरायला लागते. पाइप हवाबंद पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला. थंडीनं नळीचं एबोनाइट, म्हणजे कडक रबर, धातूपेक्षा जास्त आकसतं आणि चिकटा ठिसूळ होतो. बाहेर काढून, वसवी बोटात पक्की धरून, नळी हलकेच पिळली आणि ती सुटली.

वास कुठला

नळी निघाल्यावर मी काम तिथंच थांबवलं आणि काकूंना बोलावून घेतलं. कारण आता पाइपचे दोन तुकडे वेगवेगळे हुंगता येत होते, आणि ज्याला त्या अप्पांचा वास म्हणत होत्या तो नेमका कशातून येतो हे त्यांच्याखेरीज कुणालाच सांगता आलं नसतं.

जुन्या पाइपच्या वासात चार-पाच गोष्टी एकत्र झालेल्या असतात. नळीचा वास गंधकाचा. दांडीतल्या कोठीचा वास आंबट आणि तिखट, नाकात झोंबणारा. तंबाखूचा रस, थुंकी आणि राख वर्षानुवर्षं साचून तो होतो. बुरशीचा कुबट. वरच्या पॉलिशचा आपला वेगळा. आणि वाटीतल्या काजळीत व तिच्यामागच्या लाकडात मुरलेला तंबाखूचा, गोडसर, धुरकट.

काकूंनी आधी नळी हुंगली आणि लगेच बाजूला ठेवली. दांडीच्या तोंडाशी नाक नेलं तेव्हा म्हणाल्या, "नातवंडं नाक मुरडतात ते यालाच." मग वाटी. दांडीचं टोक बोटानं बंद करून मी पाइप त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ वाटी नाकाशी धरली. "हाच. पेशंट नसले की अप्पा आरामखुर्चीत बसायचे, तेव्हाचा."

म्हणजे जपायचा वास वाटीत होता आणि घालवायचा वास दांडीत व नळीत. दोन्हींच्या मध्ये फक्त धुराचं एक बारीक भोक. असं निघालं म्हणून काम शक्य झालं. वास दांडीतलाच निघाला असता तर मी तो पाइप साफ न करता, कोरडा करून परत दिला असता.

आता नेहमीची पद्धत काय असते ते सांगायला हवं. वाटी खरवडून झाली की तिच्यात कापूस भरतात, दांडीत कापसाची वात घालतात आणि अल्कोहोल सोडून पाइप रात्रभर उभा ठेवतात. अल्कोहोल लाकडात शिरतं, मुरलेला चिकटा विरघळवतं आणि कापूस तो ओढून घेतो. सकाळी कापूस चहाच्या रंगाचा झालेला असतो आणि पाइपला जवळजवळ काहीच वास उरत नाही. परदेशात यासाठी तीव्र धान्यमद्य वापरतात. आपल्याकडं रेक्टिफाइड स्पिरिट परवान्याशिवाय मिळत नाही, म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ते पूर्ण उडून जातं. हार्डवेअरच्या दुकानातलं मेथिलेटेड स्पिरिट मात्र या कामाला कधीही वापरू नये. त्यातलं मिथेनॉल विषारी असतं आणि पाइप तोंडात धरायची वस्तू आहे.

ही रात्रभराची पद्धत इथं बादच होती. वाटीला अल्कोहोलचा थेंबही लागू द्यायचा नाही असं ठरलं.

वाटी

पाइप ओढला की वाटीच्या आत कार्बनचा थर चढत जातो, बिडाच्या तव्याला वापरून वापरून चढतो तसा. पाइपवाले त्याला केक म्हणतात. तो हवाच असतो. पाइपचं लाकूड, ब्रायर, विस्तवापासून तोच वाचवतो. पण जाडी साधारण एक-दीड मिलिमीटरपर्यंतच ठीक. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या गतीनं फुगतो आणि वाटीला चीर पाडू शकतो. आता हा पाइप पुन्हा तापणार नव्हता, तेव्हा चिरेची भीती नव्हती. मग थर तसाच का ठेवू नये?

बुरशीमुळं. बुरशी वरच्या थरावर होती आणि तिची मुळं सच्छिद्र काजळीत किती खोल गेली आहेत ते वरून दिसत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ती पुन्हा वाढणारच. म्हणून वरचा थर काढायचा, पण लाकडापर्यंत जायचं नाही. गोल पात्याचं रीमर यासाठी मिळतं, पण ते एकदा फिरवलं की सगळीकडून सारखं खरवडतं; इथं एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी काढायचं होतं. मी बोथट सुरी आणि दांड्याभोवती गुंडाळलेला खरखरीत पॉलिश पेपर वापरला. कोरडं काम, मध्येमध्ये टॉर्च आत टाकून बघायचं. काजळीची भुकटी पांढऱ्या कागदावर पडत होती. सुरुवातीची राखाडी आणि कुबट वासाची, थोडं आत गेल्यावर दाट काळी, आणि तिला काकूंनी ओळखलेला तो धुरकट वास. रंग आणि वास दोन्ही बदलले तिथं हात थांबवला. आत मिलिमीटरभर थर राहिला. भिंतीला कुठं चीर किंवा जळून मऊ पडलेली जागा नाही ना, हे टोकदार सळईनं हलकं ठोकून पाहिलं. सगळीकडं घट्ट आवाज आला.

मग धुराचं भोक वाटीच्या बाजूनं कापसाच्या घट्ट बोळ्यानं बंद केलं, पाइप वाटी वर आणि दांडीचं तोंड खाली असा धरला, आणि दांडीत अल्कोहोल ओतण्याऐवजी ओलसर पाइप क्लीनर आणि कापसाच्या काड्या फिरवल्या. कोठीच्या तळाला चिकटा दगडासारखा वाळला होता. दंतवैद्याकडं असतं तसलं वाकडं टोकदार हत्यार इथं कामाला येतं. मऊ करायचं, खरवडायचं, पुसायचं, परत मऊ करायचं. या भागाचं वर्णन इतकंच. तासन् तास तेच चालतं, काडी स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी दांडी दोन दिवस उघडी ठेवली आणि हुंगली. झोंबणारा वास गेला होता. वाटीतला होता तसाच होता.

पॉलिशखालची अक्षरं

लाकडाचा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण नवशिक्यांच्या हातून जुन्या पाइपांचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठानं वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर वाढलेली गाठ. ती खणून काढतात, तिचे ठोकळे पाडतात, पाण्यात उकळून त्यांतला रस काढतात आणि महिनोन् महिने सुकवतात. १९व्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या जुरा डोंगरातलं सेंट-क्लोद हे गाव या लाकडाच्या पाइपांसाठी नावाजलं. इटलीत कॅलाब्रियाकडं ब्रायर भरपूर. तेव्हा पाइप इटलीतून आणलेला, ही घरातली समजूत ऐकायला मुळीच अशक्य नव्हती.

कारखान्याचा शिक्का लाकडावर दाबून उठवलेला असतो. त्याची खोली केसाएवढी. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की तो पुसट होतो, आठ फिरले की गेला. मोटरच्या बफवर धरला तर त्याहूनही लवकर. बाजारात आरशासारखे चमकणारे, पण कुणी केले, कुठं केले, कधी केले याचा मागमूस नसलेले जुने पाइप ढिगानं दिसतात. मला ते बघवत नाहीत. चकाकी पुन्हा कधीही आणता येते, शिक्का पुन्हा उमटवता येत नाही. म्हणून दांडीच्या दोन्ही बाजूंना मी पॉलिश पेपर लावतच नाही, पाइप कुणाचाही असो.

इथं शिक्का होता की नाही हेच कळत नव्हतं. लाखेच्या पॉलिशनं सगळी खोलगट जागा भरून टाकली होती. घरातल्या कुणाला आजवर काही वाचता आलं नव्हतं ते यामुळंच. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तेव्हा ती घासायची गरज नव्हती. पण पाइपचा मूळ रंगही बहुधा अल्कोहोलमध्येच विरघळणारा असतो, आणि तो निघाला की पाइप फिकट, निस्तेज दिसतो. म्हणून कापसाचा बोळा जेमतेम ओला, एका जागी एकच पुसा, आणि प्रत्येक पुशानंतर बोळ्याचा रंग बघायचा. आधी बोळा पिवळसर नारिंगी येत होता, ती लाख. एका टप्प्यावर त्यात तांबूस झाक आली. ती पाइपची. त्या जागी हात तिथंच थांबवला.

दांडी पुसून झाल्यावर खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च तिरपा धरला. डाव्या अंगाला तीन ओळी: 'पीटरसन्स', 'सिस्टिम', 'स्टँडर्ड'. उजव्या अंगाला ३०७ हा आकाराचा क्रमांक, आणि त्याच्याजवळ ठोकळ्यासारख्या मांडणीत तीन ओळी, 'मेड इन द', 'रिपब्लिक', 'ऑफ आयर्लंड'.

म्हणजे पाइप इटलीचा नव्हता, हे तर आकारावरून आधीच कळलं होतं. पण युद्धात इटलीत कुणी ब्रिटिश अधिकाऱ्याकडून आयरिश पाइप घेतला असेल, असं म्हणायला जागा होती. शिक्क्यानं तीही ठेवली नाही. पीटरसनच्या पाइपांवर देशाचं नाव राजकारणाबरोबर बदलत गेलं आहे. १९२२ ते १९३७ या काळात 'आयरिश फ्री स्टेट', १९३७ च्या राज्यघटनेनंतर 'एअर' (Eire) हे आयरिश भाषेतलं नाव, आणि 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हे नाव देशाला कायद्यानं लागू झालं ते १८ एप्रिल १९४९ रोजी. इटलीतलं युद्ध मे १९४५ मध्ये संपलं होतं. हा पाइप तेव्हा जन्मलाच नव्हता.

वसवीचाही उलगडा इथंच झाला. तिच्यावर 'के अँड पी' (काप आणि पीटरसन) आणि तीन बारीक चित्रं होती: तीन पानांचा शॅमरॉक, बसलेला कुत्रा आणि उंच गोल मनोरा. अशी चित्रं दिसली की चांदीच्या शुद्धतेचे छाप आहेत असं कुणालाही वाटेल. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर बसलेली हिबर्निया, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री, मुकुट असलेली हार्प आणि वर्षाचं अक्षर असतं. शॅमरॉक, कुत्रा आणि मनोरा हे कंपनीचे सजावटीचे छाप आहेत आणि ते निकेलच्या वसवीवर येतात. सिस्टिम पाइपांत चांदी मिळते ती वरच्या प्रतींत, 'स्टँडर्ड'ला निकेलच.

आता हे काकूंना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सांगायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुढं नव्हता. ज्या वस्तूवर तारखेचा पुरावा कोरलेला आहे ती मालकाच्या हातात देताना तो पुरावा झाकून ठेवणं म्हणजे पुन्हा तिच्यावर पॉलिश चढवणं झालं असतं. मी त्यांना टॉर्चच्या उजेडात अक्षरं दाखवली, देशाच्या नावाचा इतिहास सांगितला, आणि घरात युद्धकाळातले काही फोटो असतील तर बघू या, असं म्हटलं.

फोटो होता. तंबूसमोर उभे असलेले तरुण अप्पा, खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मागं लाल क्रॉसचा पांढरा गोल रंगवलेली गाडी. पाठीमागं शाईनं इटली आणि १९४५. तोंडात पाइप. भिंग धरून पाहिलं तेव्हा काकूंनीच आधी ओळखलं. तो पाइप सरळ होता. दांडी सरळ, नळी सरळ, वाटी लहान. आमच्यासमोर टेबलावर पडलेला पाइप चांगलाच वाकडा.

घरातली गोष्ट खोटी नव्हतीच. अप्पांनी इटलीत पाइप ओढला होता, बहुधा तो घेऊनही आले होते. पुढं कधीतरी तो गेला आणि दुसरा आला, आणि सांगता सांगता दोन पाइपांचा एक झाला. काकूंना आठवलं की १९५० च्या दशकात अप्पा पुढच्या शिक्षणासाठी काही महिने एडिनबरोला होते. तिथल्या एखाद्या तंबाखूच्या दुकानात हा पाइप घेतला असणं काळाशी जुळतं. त्यापलीकडं काही म्हणता येत नाही. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारलं, "मग तो इटलीतला गेला कुठं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण प्रश्न अगदी योग्य होता, आणि तो शिक्क्यामुळंच पडला.

नळी आणि दात

नळी एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची. पेनांच्या शौकिनांना ते राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांमुळं ओळखीचं असतं. रबरात तीस टक्क्यांच्या आसपास गंधक असतं. उन्हातले अतिनील किरण आणि हवा पृष्ठभागावरचे बंध तोडतात, गंधक मोकळं होतं, हवेतल्या ओलीशी मिळून त्याचं आम्ल बनतं. वरचा थर तपकिरी, हिरवट, खरखरीत होतो आणि त्याला तो विशिष्ट वास येतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर दर दुपारी ऊन खाणाऱ्या नळीची एकच बाजू का हिरवी पडली होती, ते यावरून कळेल. अशी नळी गरम पाण्यानं धुवायची नाही, रंग आणखी उठतो. ब्लीचनं हिरवेपणा जातो, पण पृष्ठभाग खवल्यासारखा खाऊन जातो. वॉटर पेपरनं ओल्यात घासणं हाच भरवशाचा मार्ग. ६०० नंबरच्या पेपरपासून सुरुवात, मग १०००, २०००, आणि शेवटी मायक्रोमेशच्या, म्हणजे अतिबारीक घासणाऱ्या, गाद्या बारा हजारापर्यंत. वसवीत बसणाऱ्या टोकाला हात लावायचा नाही, नाहीतर पुढं नळी सैल बसते.

दातांच्या खुणांचा निर्णय मात्र विचार करून घ्यावा लागला. एबोनाइटला पूर्वीच्या आकाराची आठवण असते. आचेच्या बाजूला धरलं की दाताचा खळगा आपोआप वर येतो. ही खरोखर बघण्यासारखी गोष्ट आहे आणि विक्रीसाठीच्या पाइपला मी ती न चुकता करतो. वाकड्या नळीला नुसतं टोकच तापवावं लागतं, कारण सगळी नळी तापली तर तीही जुनी आठवण काढून सरळ होते. कारखान्यात ती सरळच घडवून मग वाकवलेली असते.

मी काकूंना नळी उलटीसुलटी करून दाखवली. खुणा मधोमध नव्हत्या, डाव्या बाजूला सरकलेल्या होत्या, वर एक खोल आणि खाली दोन उथळ. म्हणजे पाइप तोंडाच्या एका कोपऱ्यात धरायची सवय. काठाची जळलेली बाजू पुढची उजवी, तेव्हा काडी उजव्या हातानं पेटवून तिथून आत ओढली जायची. दवाखान्यात एका हातानं प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या माणसाला पाइप दातात धरावाच लागत असणार. काकूंनी त्या खळग्यात नख घालून पाहिलं. त्यांना ती खूण आजवर माहीत नव्हती. "हे ठेव," एवढंच म्हणाल्या.

खळग्यात वॉटर पेपर न घालता त्याच्या कडेकडेनं घासायचं म्हणजे पेपरची बारीक घडी करून, तिचं टोक पेन्सिलीसारखं धरून काम करावं लागतं. खळग्यांच्या तळाशी तपकिरी छटा थोडी राहिली. बाकी नळी काळीभोर झाली.

काठाचा जळका भाग मी तसाच ठेवला, फक्त त्यावरचं राखेचं किटण काढलं. जिभेनं ओलवलेल्या कापसाच्या काडीनं ते सुटतं. थुंकीतली एन्झाइम्स हे काम फार छान करतात आणि संग्रहालयात चित्रं साफ करणारे लोकही ही पद्धत वापरतात. वाटीखालच्या चेपेला वाफ द्यायचा मोह होतो. ओला फडका ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू फुगून वर येतात. पण चेप दांडीच्या तोंडाशी होती आणि शिक्का तिथून जेमतेम बोटभर दूर. शिक्का म्हणजेही दाबलेले तंतूच. वाफ त्यांनाही फुगवते. चेप राहू दिली.

वसवी लाकडाच्या बाजूनं टेप लावून झाकली आणि धातूच्या पॉलिशचा अगदी हलका हात दिला, कारण निकेलचा मुलामा घासून उडतो आणि खालचा पिवळा धातू दिसायला लागतो. लाकडाला कार्नोबा मेण, दांडीवर हातानं आणि वाटीवर मऊ चाकानं. आत काहीही लावलं नाही.

परत देताना

पाइप परत गेला तो नळी वेगळी काढून. जोडून ठेवला तर नळीतला गंधक आणि वाटीतला वास काही महिन्यांत पुन्हा एकमेकांत मिसळतील. दोन्ही तुकड्यांसाठी सुती कापडाच्या वेगळ्या पिशव्या, दोन्ही एका लाकडी पेटीत, उन्हापासून दूर. नळीवर दर काही महिन्यांनी मिनरल ऑइलचं बोट फिरवायचं. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची आणि ती भिजली की बदलायची. पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी लावली आहे: पीटरसन, डब्लिन, सिस्टिम स्टँडर्ड ३०७, वसवी निकेलची, १९४९ नंतरचा, लाखेचं पॉलिश काढलं, वाटी कोरडी खरवडली, दातांच्या खुणा आणि काठाचा जळका भाग मुद्दाम ठेवला. पुढं कुणाच्या हातात गेला तर काय केलं आणि काय केलं नाही, दोन्ही त्याला कळावं.

पेटी न्यायला काकूंचा भाचा आला होता. त्यानं विचारलं, आता हा ओढता येईल का? तंबाखूबद्दलचं माझं मत मी त्याला सांगितलंच. पण पाइपपुरतं उत्तर असं की आत्ता नाही. बुरशी वरवर गेलीय, लाकडात उरली असेल तर ती फुप्फुसात जायला नको, म्हणजे वाटी रात्रभर अल्कोहोलमध्ये ठेवावी लागेल. दातांची खूण उचलावी लागेल, नाहीतर नळी तिथंच कधीतरी फुटेल. हे सगळं एका दिवसात होण्यासारखं आहे आणि त्यानंतर पाइपला कसलाच वास राहणार नाही. त्यानं तिथूनच काकूंना फोन लावला. त्या नको म्हणाल्या.